वाडा, आमराई आणि तलावाची पाळ

जुन्या घराण्यांचे वाडे, त्यांच्या बागा आणि त्यांची वास्तुकला हा विषय निघाला म्हणजे ऐकणाराचें लक्ष साहजिकपणें पुणें, सातारा, कोल्हापूर, नागपूर अशा राजधानीच्या शहरांकडे वळतें. चिरेबंदी दरवाजे, कोरीव खांबांचे दिवाणखाने, कारंजीं आणि फुलबागा हें वैभव तेथें होतें आणि कांहीं अंशीं अजूनहि आहे. वैनगंगेच्या कांठच्या धानाच्या मुलखांत मात्र तसें कांहीं पाहण्याजोगें नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत आहे. नागपुराहून आगगाडीनें पूर्वेकडे निघालेला प्रवासी माडगीजवळ वैनगंगा ओलांडतो आणि थोड्याच वेळांत तिरोड्याच्या स्टेशनावर येतो. त्याला दुरून दिसतात तीं ३,३०० मेगॅवॅट क्षमतेच्या औष्णिक वीजकेंद्राचीं उंच धुराडीं, आणि जवळ दिसतात त्या धानाच्या बांध्या. राजवाडा नाहीं, गढी नाहीं, उद्यान नाहीं. परंतु बांध्यांच्या वरच्या अंगाला झाडांनीं झांकलेली जी एक लांबच लांब, टेकडीसारखी रेघ ठिकठिकाणीं दिसते, ती टेकडी नव्हे. ती माणसांनीं टोपल्यांनीं माती वाहून घातलेली तलावाची पाळ होय. या भागांतील जुन्या इस्टेटींचें खरें वास्तुशिल्प तीच आहे, आणि त्या इस्टेटी मोडल्यावर सर्वांत जास्त पोरकी झाली तीहि तीच, हें दाखविणें हा या भाषणाचा उद्देश आहे.

प्रथम ही इस्टेट कोणत्या प्रकारची होती तें पाहिलें पाहिजे. सतराव्या शतकांत हें खोरें देवगडच्या गोंड राजांच्या अंमलाखालीं होतें. अठराव्या शतकाच्या मध्यास तें नागपूरकर भोसल्यांच्या राज्यांत आलें. भोसल्यांच्या काळीं वसुलाचें काम मुख्यतः गांवच्या पाटलाच्या हातून होई. पाटील सरकारशीं वसुलाचा ठराव करी, रयतेला बीं-बियाण्याची मदत करी आणि पडीत जमीन वहितीस आणी. जंगलाच्या बाजूला मोठे जमीनदार होते; कामठा व आमगांव हीं त्यांपैकीं ठळक नांवें. आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले तेव्हां, म्हणजे १८१८ सालीं, कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील यांनीं इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता, हें पुष्कळांच्या ऐकण्यांत असेल.

तिसरे रघुजी भोसले १८५३ सालीं निपुत्रिक वारले आणि १८५४ सालीं नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला आणि पुढील दशकांत जमाबंदीचें काम झालें. त्या जमाबंदीनें एक मोठा पालट घडविला. जो कालपर्यंत केवळ वसूल करणारा होता, त्याला सरकारनें गांवाची मालकी दिली. माल म्हणजे सारा आणि तो गुजरणारा, म्हणजे भरणारा, तो मालगुजार. त्याच्या घरच्या शेतीला सीर आणि खुदकाश्त म्हणत. बाकीची जमीन कुळें करीत. गावठाण, पडीत, झुडपी जंगल, झाडें आणि तलाव हीं सर्व मालगुजाराच्या नांवें लागलीं. त्याबरोबरच गांवच्या वहिवाटींची नोंद वाजिब-उल-अर्ज या कागदांत झाली. गुरें कोठें चरावयाचीं, सरपण कोठून आणावयाचें, तलावाचें पाणी कोणाच्या शेताला द्यावयाचें, अशा गोष्टी त्यांत लिहिल्या गेल्या. म्हणजे मालकी एकाची, पण उपभोगाचे हक्क अनेकांचे, अशी ही रचना होती. पुढील सर्व गोष्टीचें मर्म यांत आहे.

त्या काळीं तिरोडा हें भंडारा जिल्ह्यांतील एका मोठ्या तहसिलीचें ठाणें होतें आणि गोंदिया हें त्या तहसिलींतील एक गांव होतें. रेल्वेचे फांटे गोंदियास मिळाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथील व्यापार वाढत गेला. तिरोडा मात्र धानाच्या पेठेचें लहान गांव राहिलें. १९९९ सालीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हां तिरोडा त्या नव्या जिल्ह्याचा एक तालुका बनला. २०११ च्या शिरगणतींत शहराची वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास भरली. या शहराच्या भोंवतालच्या गांवांतून हिंडलें तर मालगुजारीचीं चार अंगें अजून ओळखूं येतात: वाडा, देऊळ, आमराई आणि तलाव.

मालगुजाराचा वाडा राजवाडा नव्हता. तो मोठ्या शेतकऱ्याचें घर होता आणि त्याची बांधणीहि शेतकऱ्याच्या गरजेनें ठरलेली होती. खालीं दगडाचें जोतें, त्यावर मातीच्या जाड भिंती, आंत सागवानी खांब व तुळया, आणि वर कवेलूंचें उतरतें छप्पर. या मुलखांत पाऊस मोठा, म्हणून छपराचा उतार अधिक आणि वळचण भिंतीपासून पुष्कळ पुढें आलेली. उन्हाळा कडक, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान. दरवाजाच्या आंत अंगण, अंगणाच्या कडेनें ओसरी, ओसरीवर बंगई. तेथेंच कुळांचा हिशेब होई, तेथेंच तंटे निघत आणि तेथेंच पाहुण्यांचा सत्कार होई. आंत माजघर, देवघर आणि धानाचें कोठार. बांबूच्या तट्ट्यांनीं विणलेल्या व शेणमातीनें लिंपलेल्या ढोल्यांत वर्षाचें धान भरून ठेवीत. बाहेरच्या बाजूस बैलांचे गोठे व खळें. वाड्याला लागून किंवा जवळच मारुतीचें, महादेवाचें अथवा घराण्याच्या दैवताचें देऊळ असे. मातीची भिंत दरसाल लिंपावी लागते आणि कवेलू दरसाल फेरावे लागतात. माणसांचा राबता आहे तोंवर असें घर शंभर वर्षें उभें राहतें. राबता संपला कीं दोन-चार पावसाळ्यांत तें बसतें.

आमराई हें या इस्टेटीचें उद्यान. तेथें ताटवे नव्हते आणि कारंजेंहि नव्हतें. गांवच्या वेशीजवळ किंवा तलावाच्या खालच्या अंगाला आंब्याचीं झाडें लावलेलीं, मधून मोह, जांभूळ, चिंच, कवठ. लग्नाच्या हंगामांत वऱ्हाडाचा जानवसा येथेंच पडे. वाटसरू, बैलगाड्यांचे तांडे, फिरते कारागीर येथें मुक्काम करीत. वैशाखाच्या उन्हांत गुरें याच सावलींत बसत. आंबे मालगुजाराचे, परंतु गळलेलीं पाडें वेचण्यास पोरांना सहसा कोणी अडवीत नसे. मोहाचीं फुलें तर दुष्काळांत गरिबाचें अन्न होत. शहरांत ज्याला सार्वजनिक बाग म्हणतात, तिचें बहुतेक काम ही आमराई करी.

आतां तलावाकडे वळूं. या जिल्ह्यांत वर्षाकाठीं सुमारें तेराशें मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पाऊस एवढा असतां तलाव कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. त्याचें उत्तर धानाच्या पिकांत आहे. ज्वारीला ओल पुरते. धानाला बांधींत उभें पाणी लागतें. आषाढांत रोवणी होते. त्यानंतर पाऊस आठ-पंधरा दिवस दडी मारूं शकतो. शेवटीं, उत्तरा आणि हस्त हीं नक्षत्रें कोरडीं गेलीं तर उशिरानें पिकणारें जड धान ऐन पोटरींत असतांना करपतें. चार महिन्यांच्या मेहनतीचा निकाल अशा एका-दोन पाण्यांवर लागतो. तें एक-दोन पाणी हातीं ठेवण्याची सोय म्हणजे तलाव.

त्याची रचना साधी दिसते, पण ती जमिनीचा उतार नीट ओळखल्यावांचून साधत नाहीं. दोन उंचवट्यांच्या मधली सखल जागा निवडावयाची, तिच्या तोंडाशीं मातीची पाळ घालावयाची, म्हणजे वरच्या जंगलांतून येणारें पाणी अडतें. माती थरांनीं टाकून ती तुडवून घट्ट करीत. पाण्याच्या बाजूला लाटांनीं माती झिजूं नये म्हणून दगड रचीत, आणि पाळीवर झाडें राखीत. पाणी सोडण्याच्या दाराला या भागांत तुडुम म्हणतात. जुन्या तुडुमांत निरनिराळ्या उंचीवर भोंकें असत व तीं लांकडी खुंट्यांनीं बंद केलेलीं असत. पाण्याची पातळी उतरेल तसतसें खालचें भोंक उघडावयाचें, म्हणजे पाणी एकदम न सुटतां बेताबेतानें पाटांत उतरे. जादा पाणी निघून जाण्याची वाट म्हणजे सलंग. ती पाळीच्या टोंकाला, घट्ट जमिनीवर काढलेली असे. सलंगावरून वाहिलेलें पाणी वायां जात नसे. तें खालच्या दुसऱ्या तलावांत किंवा लहान बोडींत शिरे. अशा प्रकारें एका ओढ्याच्या उतारावर एकाखालीं एक तलाव आणि त्यांच्या मधून पायऱ्यांसारख्या उतरणाऱ्या बांध्या, अशी सर्व गांवशिवाराची मांडणी झालेली दिसते.

ही विद्या कोणी आणली? या पूर्व भागांत तलाव बांधण्यांत कोहळी समाजाची कीर्ति मोठी आहे. चांद्याच्या गोंड राजांनीं, जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन देऊं, असें अभय दिलें आणि त्यामुळें हे लोक तलाव बांधूं लागले, अशी परंपरागत कथा आहे. अर्जुनी मोरगांव तालुक्यांतील नवेगांव बांधचा विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधला असें सांगतात. लोकांनीं पुढें त्यांना देवत्व दिलें आणि कोलासुर या नांवानें त्यांची पूजा होऊं लागली. राजाचीं देवळें बांधणारे देश पुष्कळ असतील. तलाव बांधणाऱ्या पाटलाचा देव करणारा हा मुलूख आहे. तिरोडा, गोंदिया, आमगांव या बाजूला पोवार शेतकऱ्यांनीं हेंच काम केलें. माळव्यांतून आलेल्या या लोकांना भोसल्यांच्या कटकच्या मोहिमेंतील सेवेबद्दल वैनगंगेच्या खोऱ्यांत पडीत व जंगली जमिनी मिळाल्या, असा इतिहास सांगितला जातो. जंगल तोडून त्यांनीं बांध्या पाडल्या आणि बोड्या-तलाव घातले. १८९७ आणि १९०० च्या दुष्काळांनंतर इंग्रज सरकारनेंहि याच वाटेनें जाऊन मोठे तलाव बांधले. तिरोडा परिसरांतील बोदलकसा हा १९१७ सालचा आणि चोरखमारा हा १९२३ सालचा. नागझिऱ्याच्या जंगलास जाणारे प्रवासी आज हे तलाव पाहून नैसर्गिक सरोवरें समजतात.

येथें दूरच्या एका इस्टेटीशीं तुलना करणें उपयोगाचें होईल. इंग्लंडांत ब्लेनहाइम येथें एका उमरावाचा प्रचंड प्रासाद आहे. १७६० नंतरच्या दशकांत लॅन्सलॉट ब्राउन नांवाच्या प्रसिद्ध उद्यानकारानें तेथील ग्लाइम ही लहान नदी बांध घालून अडविली आणि प्रासादासमोर एक सुंदर तलाव निर्माण केला. हेतु असा कीं, खिडकींतून पाहतां देखावा रम्य दिसावा. त्याच शतकांत वैनगंगेच्या खोऱ्यांत पाटील लोक ओढे अडवीत होते. तेथेंहि माती, पाणी, उतार आणि वृक्ष हेंच साहित्य होतें. फरक हेतूचा. ब्लेनहाइमचा तलाव दिवाणखान्यासाठीं होता, तिरोड्याकडील तलाव बांधीसाठीं होता. त्यामुळें तेथें प्रासाद मोठा झाला आणि येथें पाळ मोठी झाली. तिकडील प्रासाद, उद्यान व तलाव यांचें जतन करण्याची आज पक्की व्यवस्था आहे. इकडील पाळीला मात्र कोणी स्मारक म्हणत नाहीं.

एवढ्यावरून मालगुजारीचा काळ सुवर्णयुग होता असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. पाळीवर पडलेली प्रत्येक टोपली मजुराच्या डोक्यावरून गेली होती, आणि तिचा मोबदला नेहमींच मिळाला असें नाहीं. वेठीचा जुलूम होता. कुळाला बेदखल करण्याची धमकी होती, आणि धानाच्या उसनवारीवर जबर वाढी घेणारे सावकार-मालगुजारहि होते. त्यांना आळा घालण्यासाठीं सरकारला १८८३, १८९८ व १९२० सालीं कुळकायदे करावे लागले. पोळ्याच्या दिवशीं तोरणाखालून पहिला बैल मालगुजाराचा निघे, आणि हा मान ज्याला न मागतां मिळे त्याला इतर दिवशीं काय काय मिळत असेल हें सांगावयास नको. म्हणून ही पद्धति जावी अशी लोकांची मागणी न्याय्य होती. मध्यप्रदेश विधिमंडळानें १९५० सालीं मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अंमलांत आला. तिरोडा त्या वेळीं मध्यप्रदेशांत होता. १९५६ सालीं तो भाग मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला.

कायद्यानें वाडा आणि घरची शेती मालगुजाराकडे ठेवली. ज्या तलावांवर गांवाचे पाण्याचे हक्क होते ते सरकारजमा झाले. पुढें जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरांपेक्षां कमी भिजविणारे तलाव त्यांच्याकडे सोंपविण्यांत आले. सरकारी दप्तरांत त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, आणि त्याचें आद्याक्षरी रूप मामा तलाव असें लोकांच्या तोंडीं बसलें आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली व नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत.

मालकी गेली तेव्हां हक्क राहिले, पण कर्तव्याला वारस उरला नाहीं. पूर्वी मालगुजाराची सीर तलावाखालीं असे. पाळ फुटली तर पहिलें नुकसान त्याचें होई, म्हणून मृगापूर्वी पाळ तपासणें, सलंग मोकळी करणें, तुडुमाची खुंटी बदलणें हें काम तो करवून घेई. गाळ उन्हाळ्यांत गाड्यांनीं शेतांत जाई. हें करवून घेण्याची त्याची रीत जुलमी असेल. काम मात्र आवश्यक होतें. नव्या व्यवस्थेंत जुलूम गेला ही मोठी कमाई झाली. परंतु दूरच्या कचेरींतील अधिकाऱ्याला पाळींतील घुशीचें बीळ दिसत नाहीं, आणि गांवकरी म्हणतात कीं तलाव सरकारचा. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांना १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतहि स्थान आहे. म्हणजे पाणी, चराई व सरपण यांवरील गांवाचे हक्क कागदोपत्रीं जिवंत आहेत. दुरुस्तीची संवय तेवढी मेली.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. पुष्कळ तलावांत गाळ भरला आणि पाण्याची साठवण घटली. उघड्या पडलेल्या बुडावर अतिक्रमणें झालीं. बेशरम नांवाची परदेशी वनस्पति कांठांवर माजली आणि तिनें देवधानासारख्या देशी वनस्पतींची जागा घेतली. या तलावांवर मासे, शिंगाडे व कमळकंद यांवर जगणाऱ्या ढीवर लोकांचें उत्पन्न त्यामुळें घटलें. महाराष्ट्रांत आतां मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांतच उरलेला सारस पक्षी याच तलावांच्या उथळ कांठांवर चरतो आणि बांध्यांतून घरटें घालतो. त्याची संख्या शंभराच्याहि आंत आहे. वाड्यांच्या वांटण्या झाल्या, एका अंगणांत चार भिंती उभ्या राहिल्या, कवेलूंच्या जागीं पत्रे आणि सिमेंट आलें. आमरायांची झाडें म्हातारीं झालीं, तुटलीं, आणि नवीं क्वचितच लागलीं.

उपाय नाहींत असें मात्र नाहीं. २०१७ पासून महाराष्ट्र शासनानें तलावांतील गाळ काढून शेतांत टाकण्याची योजना चालविली आहे, आणि गाळ हें उत्तम खत असल्यामुळें शेतकरी तो नेण्यास तयारहि असतात. परंतु गाळ काढण्यासहि विवेक लागतो. यंत्रानें सर्व तळ एकसारखा खोल खणला तर कांठाचा मंद उतार जातो. तो उतार गेला कीं तेथील वनस्पति जातात, वनस्पति गेल्या कीं माशांचें खाद्य जातें. कांहीं गांवांत ढीवरांच्या संस्थांनीं बेशरम उपटून देशी वनस्पतींची पुनः लावणी केली व त्याचा लाभ मासेमारींत पाहिला आहे. ज्यांना तलावाचें अंतरंग ठाऊक आहे, त्यांना विचारून काम केलें म्हणजे थोड्या खर्चांत पुष्कळ साधतें.

तिरोड्यासारख्या लहान शहरानें याहून पुढें एक पाऊल टाकण्यास हरकत नाहीं. शहराला बाग हवी असली म्हणजे हिरवळ, कमानी आणि सिमेंटचे प्राणी यांवर पैसा खर्च करण्याची रीत सर्वत्र पडली आहे. ज्याच्या शिवाराशेजारीं जुने तलाव आहेत, त्यानें आधीं पाळीकडे पाहावें. पाळीवर आंबा, जांभूळ, करंज यांची रांग पुनः लावली, चालण्यापुरती वाट मोकळी ठेवली, तुडुम आणि सलंग दुरुस्त केले, तर तीच पाळ सायंकाळीं फिरण्याची जागा होते आणि तीच हस्तांत धान वांचविते. शाळांनीं गांवोगांवच्या तलावांची यादी करावी. कोणाच्या वहिवाटीनें पाणी कोठें जातें तें निस्तारपत्रकांतून वाचून फलकावर लिहावें. उभे असलेले वाडे ज्यांचे आहेत त्यांनीं निदान त्यांचे नकाशे व छायाचित्रें काढून ठेवावींत, कारण मातीचें घर पडल्यावर त्याची आठवणहि मातींत जाते.

वाडा एका घराण्याचा होता आणि तो त्या घराण्याच्या दैवाप्रमाणें टिकेल अथवा पडेल. तलाव मात्र कागदावर कोणाच्याहि नांवें असला तरी त्याचें पाणी आरंभापासून गांवाचें आहे. दरवर्षी मृग लागण्यापूर्वी त्या पाळीवरून एकदां तरी चालून कोठें भेग पडली आहे तें पाहणें, एवढें कर्तव्य गांवानें मालगुजाराकडून वारशानें घेतलें, तर त्या काळाचें जें टिकविण्यासारखें होतें तें टिकेल.